बोटाआधी बटण

कार्नावालच्या मंगळवारी ला पाझमध्ये सगळ्या वस्तूंना दारू पाजतात. घराच्या कोपऱ्यांना पाजतात, मिनीबसच्या चाकांना पाजतात, शिवणयंत्राला पाजतात. वस्तूला कागदी फिती गुंडाळायच्या, पाकळ्या उधळायच्या आणि बाटलीतली पहिली धार जमिनीवर सोडायची, कारण पहिला घोट धरणीमायचा. मग थोडी वस्तूवर शिंपडायची. त्यातूनही उरलेली कुठे जाते ते दुपारनंतर रस्त्यावरच्या लोकांच्या चालीवरून कळतं. या सगळ्याला चाल्या म्हणतात. लिम्बर्ट तार्कीच्या दुकानात त्या वर्षीही चाल्या झाली. फक्त पहिली धार चुकली.

दुकान चढाच्या रस्त्यावरच्या एका गॅलरीत, म्हणजे दुकानांच्या इमारतीत होतं, दुसऱ्या मजल्यावर. दोन माणसं आणि एक मत मावेल एवढी जागा. मत लिम्बर्टचं असायचं. तो कीबोर्ड विकायचा आणि कीबोर्ड या विषयावर त्याला कुणी काही विचारलं नाही तरी तो उत्तर द्यायचा. प्रत्येक बटणाखाली एक स्विच असतो. लाल स्विच म्हणजे लोण्यात बोट, आवाज नाही, अडथळा नाही. तपकिरी स्विचला मधेच एक बारीक उंबरठा लागतो. निळा स्विच दर वेळी चिमटा काढल्यासारखा ओरडतो. निळे सरकारी कचेरीतल्या बायका घ्यायच्या, पलीकडच्या खोलीतल्या साहेबाला काम ऐकू जावं म्हणून. ज्यांना साहेबाला न कळता काम टाळायचं असे, त्याही निळेच घ्यायच्या आणि नुसती बटणं बडवायच्या.

लेआउटचा, म्हणजे अक्षरांच्या मांडणीचा विषय निघाला की मात्र तो गंभीर व्हायचा. स्पेनचा कीबोर्ड वेगळा, लॅटिन अमेरिकेचा वेगळा, आणि उत्तर अमेरिकेच्या कीबोर्डवर तर 'एन्ये' हे अक्षरच नाही. एन्येशिवाय 'वर्ष' हा शब्द लिहायला जावं तर शरीराच्या भलत्याच भागाचं नाव उमटतं, आणि लोक नोकरीच्या अर्जात तसं लिहून मोकळे होतात. कॉम्प्युटरवर खेळणाऱ्या पोरांना याचं सोयरसुतक नसतं. त्यांना चार बटणं लागतात: पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे. बाकीचा कीबोर्ड त्यांच्या लेखी परगाव.

त्याची धाकटी बहीण योसेलिन अशीच खेळणारी होती. त्या मंगळवारी ती काउंटरमागे बसून सराव करत होती. खाली सपाटीवरच्या सान्ता क्रूसचा 'सुरासो' नावाचा पाच जणांचा संघ ला पाझच्याही वर असलेल्या एल आल्तोला येणार होता, एक खेळाडू निवडायला. त्यांचा एक जण ब्राझीलला निघून गेला होता. योसेलिनला आयुष्यात ती एक जागा हवी होती. बाकी काहीही नको होतं, जेवणसुद्धा. लिम्बर्टने तिच्यासाठी एक कीबोर्ड जुळवला होता. हलके लाल स्विच घेतले, एकेक उघडून आत बारीक कुंचल्याने तेल लावलं, आणि हे करताना दोन आठवडे घरात कुणाला पंखा लावू दिला नाही. ला पाझच्या थंडीत पंखा कुणी लावणार नव्हतं, पण त्याने सांगून ठेवलं होतं.

तर त्याच्या एका हातात अल्कोहोलची बाटली होती आणि दुसऱ्या हाताने तो एका गिऱ्हाइकाला समजावत होता की तपकिरी स्विच लग्न जमत नसलेली माणसं घेतात. हातवारे वाढले, बाटली तिरपी झाली, आणि पहिली धार सरळ योसेलिनच्या हातांवर आणि हातांखालच्या कीबोर्डवर पडली.

"ए मूर्खा! खेळ चालू आहे!" योसेलिन ओरडली. पण हात उचलले नाहीत. समोर शत्रू होता.

शेजारच्या दुकानातून दोन्या हिलारिया बघत होती. ती मोबाइलची कव्हरं विकायची. तिचं दुकान तिच्या घागऱ्यापेक्षा जरा लहान होतं, म्हणून ती बहुतेक वेळ दाराबाहेर बसायची आणि गॅलरीत कोण काय करतं यावर तिचं लक्ष असायचं.

"लिम्बर्ट," ती म्हणाली, "पहिली कुणाला दिलीस?"

"कीबोर्डला, मावशी."

"आणि पोरीच्या हातांना."

"उडून जाईल. अल्कोहोलच आहे. नाहीतरी आम्ही कीबोर्ड त्यानंच पुसतो. उलट साफ झाला."

"जमिनीच्या आधी जे भिजतं ना, ते जमिनीला दिलेलं असतं."

"बरं मग. तिला आवडला तर पावती फाडतो."

दोन्या हिलारिया हसली नाही. तिने त्याच्या हातातली बाटली घेतली, स्वतः वाकून फरशीवर धार सोडली आणि थोडा वेळ त्या ओल्या डागाकडे बघत राहिली. साधारणपणे असला डाग पसरतो. तो पसरला नाही. होता तिथेच बसून राहिला, पोट भरलेल्या माणसाने पुढचं ताट नाकारावं तसा.

दुसऱ्या दिवशी सकाळी, गल्लीभर ओल्या कागदी फिती पडलेल्या असताना, योसेलिन म्हणाली, "दादा, इकडे बघ. बटण आधी जातंय."

लिम्बर्ट वाकला. तिचं बोट 'पुढे'च्या बटणावर तरंगत होतं. बटण खाली गेलं, थांबलं, आणि मग बोट त्याच्यावर येऊन टेकलं. तिने 'डावीकडे' जायचं मनात आणलं. ते बटण खाली गेलं, बोट मागाहून पोचलं. कुणीतरी अदबीने दार उघडून धरावं तसं.

दुसरा कुणी असता तर घाबरला असता. लिम्बर्टने मोजपट्टी आणली.

बराच वेळ तो एक डोळा मिटून कीबोर्डच्या पातळीवर बसला होता. शेवटी उभा राहिला तेव्हा त्याचा चेहरा चर्चमधून बाहेर पडलेल्या माणसासारखा झाला होता.

"लाल स्विच दोन मिलिमीटर दाबला की लागतो," तो म्हणाला. "महागातला चुंबकाचा घेतला तर केसभर दाबला तरी लागतो. जगात सगळे इथंच अडकलेत. हा उणे तीनला लागतोय."

"उणे?"

"तू दाबायच्या आधी."

"पण मग दाबतंय कोण?"

"ते नंतर बघू. तेल कुठलं लावलं होतं मी?"

दुपारपर्यंत गॅलरीतली सगळी खेळणारी पोरं दुकानासमोर जमली. त्यांनी योसेलिनच्या खांद्यावरून वाकून पाहिलं, आणि वाद सुरू झाला. हे स्पर्धेत चालतं का? एकाचं म्हणणं, चालत नाही, कारण बटण खेळाडूनेच दाबलं पाहिजे. दुसरा म्हणाला, नियमात 'दाबलं पाहिजे' एवढंच आहे, आधी की नंतर ते कुठं लिहिलंय? तिसऱ्याने विचारलं, हेच निळ्या स्विचमध्ये मिळेल का, त्याला आवाज आवडतो. बटण कोण दाबतंय हे एकानेही विचारलं नाही. न्यायालयासमोर बसून लोकांचे अर्ज टंकणारे म्हातारे रेम्बेर्तो तेवढे हात पुढे करून आले. दोन बोटांनी टंकून त्यांची चाळीस वर्षं गेली होती, आता बोटांना आराम मिळाला तर हवा होता. त्यांनी बोटं वर धरली आणि वाट पाहिली. बटणं ढिम्म.

"माझ्याशी बोलत नाही," रेम्बेर्तो हिरमुसून म्हणाले आणि टोपी चढवून निघून गेले.

लिम्बर्टने मग दोष शोधायला घेतला, कारण उद्या असे चारशे कीबोर्ड विकायचे तर दोष नीट समजला पाहिजे. त्याने लाल स्विच काढून तपकिरी बसवले. बटणं तशीच योसेलिनच्या आधी जात राहिली, फक्त उंबरठ्यावर क्षणभर अडखळत. निळे बसवले. आता बोट हवेत असताना टक्, आणि बोट टेकल्यावर काहीच नाही. लेआउट बदलून पाहिला. स्पेनचा, अमेरिकेचा, जुन्या साठ्यातला एक फ्रान्सचासुद्धा, ज्यावर अक्षरं इकडची तिकडे असतात. फरक नाही. बटणावर काय लिहिलंय याच्याशी जे कुणी होतं त्याला देणंघेणं नव्हतं. योसेलिनचं बोट जिथे जाणार, तिथलं बटण. मग त्याने वायर काढली. बटणं जातच राहिली.

"वायर काढलीय," लिम्बर्ट म्हणाला.

"मला दिसतंय," योसेलिन म्हणाली. "दादा, मागं."

मागे फळ्यांवर खोक्यांतले कीबोर्ड होते. भिंतभर, छताला लागेपर्यंत, सील न तोडलेले. योसेलिनने टेबलावरची बोटं पुढे-पुढे-डावीकडे अशी हलवली, आणि भिंतीतून आवाज आला. खोक्यांच्या आत, प्लास्टिकच्या आत, सगळे कीबोर्ड एकदम पुढे-पुढे-डावीकडे दबले होते. लाल असतील ते पुटपुटले, निळे असतील ते कडकडले. बाहेर भर दुपारचं ऊन होतं, खालच्या मजल्यावर कुणीतरी साल्तेन्याच्या गरम करंज्या विकत ओरडत होतं, आणि भिंत तिच्या बोटांच्या अर्धा श्वास पुढे चालली होती.

लिम्बर्टने पहिल्यांदा मोजपट्टी खाली ठेवली.

"म्हणजे स्विचमध्ये नाही," तो म्हणाला.

"नाही."

"लेआउटमध्ये नाही. तेलात नाही."

"माझ्यात आहे, असं म्हण ना. किती फिरवून बोलशील?"

त्यानंतर ते अंतर वाढत गेलं. आधी बटणं बोटाच्या किंचित पुढे होती. मग ती विचाराच्या पुढे गेली. योसेलिन मैत्रिणीला निरोप लिहायला बसायची आणि काय लिहायचं हे ठरायच्या आत निरोप लिहून व्हायचा, तिच्याच शब्दांत, तिच्याच चुकांसकट. खेळात ती कधीच मरेना. शत्रू कोपऱ्यावरून वळायच्या आधी ती वळलेली असायची. पोरं टाळ्या वाजवायची. ती त्यांच्याकडे बघून हसायची, आणि हसताना हात कीबोर्डवर नुसते धरून ठेवायची, लोकांना विचित्र वाटू नये म्हणून.

मग एके दिवशी गुरुवारच्या बाजारात ती दोघं चाइरोचं सूप प्यायला बसली. वाडगा समोर होता, वाफ येत होती. योसेलिनने हात उचलला, चमच्यापर्यंत नेला आणि थांबली.

"गरम आहे?" लिम्बर्टने विचारलं.

"नाही."

"मग पी की."

"थांब ना," ती म्हणाली. "सुरू होऊ दे."

लिम्बर्टचा घास तोंडातच राहिला. तिचा हात चमच्याच्या वर बोटभर अंतरावर स्थिर होता. हात वाट बघत होता. कुणीतरी आधी चमचा उचलेल, मग आपण जायचं, ही सवय हातांना लागली होती, आणि चमच्याला स्विच नसल्यामुळे तो काही उचलला जात नव्हता. लिम्बर्टने तिचा हात धरला. गॅलरीच्या फरशीइतका गार होता. त्याने चमच्याने तिला सूप भरवलं, तेव्हा शेजारच्या बाकावरची म्हातारी म्हणाली, "लाडोबा!" आणि योसेलिन रडू लागली. डोळे पुसायला हात वर आला नाही.

"मला ती जागा हवी आहे," ती रडतारडता म्हणाली. "पण मला हात पण हवेत. हे जास्त मागणं आहे का?"

लिम्बर्टने तिला घरी झोपवलं आणि थेट दोन्या हिलारियाकडे गेला. ती कव्हरांच्या ढिगात बसून कोकाची पानं चघळत होती.

"मावशी, हात परत मागायचे आहेत."

"लग्नात दिलेलं पातेलं परत मागतोस का?"

"पातेलं म्हणजे माझ्या बहिणीचे हात नव्हेत."

तिने मान हलवली. पानं एका गालातून दुसऱ्या गालात नेली. "बाबा, धरणीमाय म्हातारी आहे. डोंगराहून म्हातारी. लोकांनी आजवर तिला काय दिलं? दारू, कोकरं, मिठाया, चिमुकली घरं. बटणं असलेलं काही कुणी दिलंच नव्हतं. आता हातात आलंय, तर खेळतेय."

"म्हणजे खेळ आवडलाय तिला?"

"ते तू सांग. कशी खेळते?"

लिम्बर्ट खरं बोलला. "योसेलिनपेक्षा चांगली."

"मग कशाला सोडेल?" दोन्या हिलारिया म्हणाली. "मागून मिळणार नाही. दुसरं काही पुढे धर. त्याहून बरं काहीतरी. लहान पोराच्या हातातलं काढायचं तर दुसरं खेळणं दाखवतात."

लिम्बर्टने तिथेच, तिच्या काउंटरवर, एक कीबोर्ड ठेवला, स्वतःचे हात ठेवले आणि म्हणाला, "ओता."

"विचार केलास का?"

"ओता, मावशी."

तिने ओतली. जमिनीला एक थेंब न देता सगळी बाटली त्याच्या हातांवर रिती केली. दोघं वाट बघत बसले. बराच वेळ काही झालं नाही. मग एकच बटण, कीबोर्डच्या कोपऱ्यातलं, चूक पुसायचं असतं ते, सावकाश खाली गेलं आणि वर आलं.

"नको म्हणतेय," दोन्या हिलारिया म्हणाली.

"का?"

"तुला खेळताना बघितलं असेल."

निवडीच्या दिवशी एल आल्तोत कडक ऊन होतं. सुरासोवाल्यांनी एका नव्या इमारतीतला तिसऱ्या मजल्यावरचा लग्नाचा हॉल घेतला होता. हिरवे खांब, नारिंगी छत, टरबुजाएवढी झुंबरं, आणि मधोमध कॉम्प्युटर मांडलेले. संघातली पोरं सपाटीवरची, त्यांना वरची हवा पुरत नव्हती. ती कोकाचा चहा ढोसत होती आणि एकमेकांना चिडवत होती. त्यांचा कप्तान एर्लान उंच, गोरटेला आणि बडबड्या होता.

"या ताई, या!" तो म्हणाला. "तुम्ही वरची माणसं रोज इथं श्वास कसा घेता? हप्त्यानं?"

"उरलेला तुम्हाला खाली पाठवतो," योसेलिन म्हणाली. कोट लिम्बर्टने उतरवला, खुर्ची लिम्बर्टने ओढली, हात कीबोर्डवर लिम्बर्टनेच ठेवले. पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. मग खेळ सुरू झाला आणि त्यांनी तिच्या हातांकडे बघणं सोडून पडद्याकडे बघणं सुरू केलं.

ती हरलीच नाही. एकेकाशी झालं, दोघांशी झालं, शेवटी चौघे एका बाजूला आणि ती एकटी. चौघे मेले. एर्लानने चहाचा कप खाली ठेवला आणि गुडघ्यावर बसून तिचा कीबोर्ड बघू लागला. तिच्या हातांखाली बटणं आपापली दबत होती. हात नुसते वर धरलेले होते, वाफेवर शेकावेत तसे.

"जागा तुझी," तो म्हणाला. "आजपासून. पण आधी हे सांग, हे स्विच कुठले?"

योसेलिनच्या चेहऱ्यावर एक क्षण असा आनंद आला की लिम्बर्टला वाटलं, राहू दे, नकोत हात, मी भरवीन. मग तिने खाली स्वतःच्या हातांकडे पाहिलं.

"जागा तुम्ही मला दिलेली नाही," ती म्हणाली. "दादा, त्यांना सांग. खरं सांग."

लिम्बर्टने सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याने कीबोर्डबद्दल बोलताना काहीही खपवायचा प्रयत्न केला नाही. पहिली धार, भिंतीतले खोके, चाइरोचा वाडगा, सगळं. हात गार पडतात हे सांगितलं. चमचा उचलता येत नाही हे दोनदा सांगितलं. पोरं ऐकत होती. एका जाड्याने मधेच हात वर केला.

"म्हणजे उशीर शून्यापेक्षा कमी?"

"उणे. आणि वाढत जातो. पण तुझे हात तुझे राहत नाहीत, ऐकतोयस ना?"

"कुठल्याही कीबोर्डवर?"

"कुठल्याही. ऐक, मित्रा..."

"लेआउट बदलला तरी?"

"तरी," लिम्बर्ट म्हणाला, आणि त्याच्या लक्षात आलं की ही पोरं त्याच्या दुकानासमोर जमलेल्या पोरांहून वेगळी नाहीत, आणि तोही नव्हता.

एर्लान आधीच हॉलच्या कोपऱ्यातल्या फ्रीजपाशी पोचला होता. आदल्या रात्रीच्या लग्नातली बिअर उरली होती. "वरच्यांच्या गोष्टी," तो हसत म्हणाला. "चाल्या आम्ही पण करतो रे, गाडीला. चला, हात ठेवा सगळ्यांनी. पोरांनो, जमिनीवर एक थेंब सांडायचा नाही!"

"नका करू," योसेलिन म्हणाली. "अरे, ऐका. मी तुम्हाला सूप भरवायला येणार नाही हं!"

त्यावर सगळे हसले. पाचव्याच्या रिकाम्या जागी खालच्या दुकानातल्या कुणालातरी बसवलं, मोजणी पुरी व्हावी म्हणून. ब्राझीलला गेलेल्याला फोन लावून चिडवलं. मग एर्लानने बाटली आडवी धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळ्यांच्या हातांवर बिअर सोडली, आणि उरलेली स्वतःच्या.

फेस बटणांच्या फटीत उतरला. झुंबरं किणकिणली, पण खिडक्या बंद होत्या. मग पाचही कीबोर्डांवरचं एकच बटण, 'पुढे'चं, एकदम खाली गेलं.

योसेलिनचे हात धाडकन कीबोर्डवर पडले. पडद्यावर एकच अक्षर ओळीने उमटत राहिलं, कारण तळहात त्या बटणावर होता आणि तो आता तिच्याशिवाय दुसरं कुणी उचलणार नव्हतं. ती कळवळली. हातांत मुंग्या आल्या होत्या, हजारो. तिने ते पोटाशी धरले, तोंडाने फुंकले, एक हात लिम्बर्टच्या गालावर जोरात मारला.

"लागलं?" तिने विचारलं.

"लागलं."

"मी मारलं!"

हॉलमध्ये तिच्याशिवाय कुणीच बोलत नव्हतं. सुरासोची पोरं खेळत होती. इतका वेळ एकमेकांच्या आया काढणारी पोरं ओठ मिटून बसली होती आणि पाच कीबोर्ड एका तालात दबत होते, पुढे, पुढे, डावीकडे. पोरांचे हात बटणांवर तरंगत होते. योसेलिनने पटकन खुर्ची ओढली आणि त्यांच्याविरुद्ध एक डाव खेळली. स्वतःच्या हातांनी, घामेजून, शिव्या घालत. पहिल्याच वळणावर मेली. पुन्हा सुरू केला, पुन्हा मेली. तरी ती हसत होती.

"एर्लान," लिम्बर्ट म्हणाला. "ए. बास झालं. हात काढ."

एर्लानने पडद्यावरून नजर काढली नाही. "ताईंना सांग, राग मानू नका," तो अतिशय सभ्यपणे म्हणाला. "जागेची आता गरज नाही. आम्ही पाच आहोत." थोड्या वेळाने त्याने तेच वाक्य प्रश्न म्हणून विचारलं. "आम्ही पाच आहोत ना?"

लिम्बर्टने त्याच्या कीबोर्डची वायर उपटली. एर्लानच्या ते लक्षातही आलं नाही. बाजूला त्याचा चहा होता, त्याने हात उचलून कपापर्यंत नेला आणि हात तिथे थांबला.

"चल," योसेलिन म्हणाली. तिने कोट स्वतः घातला, एक बाही उलटी. "दादा, चल ना."

"यांचं काय?"

"तू सांगितलंस. दोनदा सांगितलंस."

"हो," लिम्बर्ट म्हणाला. सांगितलं होतं, हे खरं होतं. तरी दाराशी पोचेपर्यंत तो तीनदा मागे वळला, आणि तिन्ही वेळा पाचही माना एकाच बाजूला कललेल्या होत्या.

लिफ्टपाशी तो बटण दाबायला गेला तर योसेलिनने त्याला ढकललं. तिने बोट पुढे काढलं, एकदा मागे घेतलं, आणि मग असं रोवलं की नख पांढरं पडलं. बटण बोटानंतर आत गेलं. दोघं आत शिरले. आतही तिनेच दाबलं, पण मुंग्या अजून गेल्या नव्हत्या, त्यामुळे बोट एक घर खाली लागलं आणि लिफ्ट तळमजला ओलांडून तळघरात जाऊन उघडली.

तळघराला अजून फरशी घातली नव्हती. नुसती माती होती, खोल खणलेली, लाल. वर तीन मजले सिमेंट होतं आणि त्यावर गालिचा. तरीही माती समोर ओली झालेली होती, भलीमोठी जागा, आणि ताज्या बिअरचा वास येत होता. त्या ओल्या जागेत मधेमधे बारीक खड्डे पडत होते आणि भरत होते. बोटाच्या टोकाएवढे. एका तालात.

लिफ्टचं दार उघडंच राहिलं. एल आल्तोत लिफ्टची दारं नाहीतरी विचार करून बंद होतात.

"दाब," लिम्बर्ट हळूच म्हणाला.

"दाबते," योसेलिन म्हणाली. तिने हात वर नेला आणि आधी बटणाकडे नीट बघून घेतलं, ते अजून वर आहे की नाही.

होतं. तिने दाबलं, आणि दार पूर्ण मिटेपर्यंत दाबतच राहिली.